माशीनं मासा, राजाचा गळ आणि आपली गोदावरी

ज्यांना हा भाग कानानं ऐकायला वेळ मिळाला नाही, बसमध्ये नेटवर्क गेलं किंवा हेडफोनची एक बाजू बंद पडली, त्यांच्यासाठी हा लिखित पाठ. जसं बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "तर" थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे गळ. एक काठी, एक दोरी, टोकाला वाकडा काटा आणि काट्याला आमिष. यात कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण रोजची बातमी उघडा. "मोठा मासा गळाला लागला", "आमिष दाखवून फसवलं", "जाळ्यात अडकला". आपली अर्धी गुन्हेगारीची पानं कोळ्यांच्या भाषेत लिहिलेली असतात. तरी काठी घेऊन पाण्याकाठी बसलेला माणूस दिसला की आपण दोनच गोष्टी समजतो. एकतर हा रिकामटेकडा आहे, नाहीतर त्यानं परदेशी व्हिडिओ बघून ही हौस उचलली आहे.

यातली दुसरी समजूत मला तपासून बघायची होती. हौस म्हणून मासे धरणं इंग्रजांनी आणलं, असं मीसुद्धा अनेकांकडून ऐकलंय. आपल्याकडे लोक पोटासाठी मासे धरायचे, खेळ म्हणून साहेब लोक धरायचे, अशी ती मांडणी. आता नऊशे वर्षं मागं जाऊ आणि ही मांडणी किती टिकते ते बघू.

आधी साहेबाचा खेळ

रीलवर तुम्ही एक दृश्य नक्की बघितलं असेल. कमरेएवढ्या नदीत उभा असलेला माणूस डोक्यावरून लांबलचक दोरी चाबकासारखी मागं-पुढं फिरवतो आणि मग ती अलगद पाण्यावर टेकवतो. हेच फ्लाय फिशिंग. फ्लाय म्हणजे माशी. मराठीत ही गंमत आपोआप जमून येते : माशी दाखवून मासा धरायचा. ती माशी खरी नसते. काट्यावर दोरा, लोकर आणि पिसं बांधून केलेली ती नक्कल असते. साध्या गळात आमिषाच्या किंवा शिशाच्या वजनानं दोरी लांब जाते. इथं माशीला वजनच नसतं, म्हणून दोरीच जाड आणि जड ठेवतात आणि ती दोरी फेकतात. सगळं कौशल्य त्या फेकण्यात आहे.

ही युक्ती जुनी आहे. साधारण इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या नदीवरचं वर्णन लिहून ठेवलंय. तिथले लोक काट्याला लाल लोकर गुंडाळायचे आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं बांधायचे. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर पहिली छापील पुस्तिका आली १४९६ मध्ये, आणि आयझॅक वॉल्टनचं गाजलेलं पुस्तक आलं १६५३ मध्ये. ही दोन सालं लक्षात ठेवा, थोड्या वेळानं कामाला येतील.

इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा ही हौस बरोबर घेऊन आले, पण त्यांचा लाडका मासा इथं नव्हता. ट्राउटला थंडगार, वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांनी ट्राउटची अंडी जहाजातून आणवली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर काश्मीरमध्ये आणि पुढं निलगिरीत ट्राउट रुजला. मराठवाड्यात तो रुजणं शक्यच नव्हतं. एप्रिलमध्ये आपल्या नदीत जे काही पाणी उरतं, त्यात ट्राउट एक दिवससुद्धा काढणार नाही. तर पहिला धडा इथंच मिळतो. तुमची काठी कितीही भारी असो, मासा कोणता येणार ते पाणी ठरवतं.

आता राजाचा गळ

लातूर-उमरग्याच्या पलीकडे, महाराष्ट्राची हद्द ओलांडली की बसवकल्याण लागतं. आज ते कर्नाटकात बीदर जिल्ह्यात आहे. बाराव्या शतकात त्याचं नाव होतं कल्याणी, आणि ती चालुक्यांची राजधानी होती. आपला मराठवाडा तेव्हा त्यांच्याच राज्यात. देवगिरीचे यादव अजून स्वतंत्र राजे व्हायचे होते.

या कल्याणीच्या गादीवर ११२६ ते ११३८ या काळात तिसरा सोमेश्वर होता. लढायांपेक्षा पुस्तकासाठी लक्षात राहिलेला राजा. ११३० च्या आसपास त्याच्या नावानं एक प्रचंड संस्कृत ग्रंथ तयार झाला : मानसोल्लास, दुसरं नाव अभिलषितार्थचिंतामणी. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, असे एकूण शंभर. राज्य कसं मिळवावं इथपासून जेवायला काय असावं इथपर्यंत सगळं त्यात आहे. औषधं, हत्ती, चित्रकला, संगीत, अत्तरं, खेळ. आजच्या भाषेत राजघराण्याचा विश्वकोश म्हणा.

यातला चौथा भाग करमणुकीचा, विनोदांचा. आणि त्यात एक अख्खं प्रकरण आहे मत्स्यविनोद. गळानं मासे धरण्याचा खेळ.

साल पुन्हा बघा. ११३० च्या आसपास. इंग्लंडमधली पहिली छापील पुस्तिका यायला अजून साडेतीनशेहून जास्त वर्षं होती. म्हणजे गळ टाकण्याच्या हौसेवर आपल्याच भागातल्या एका दरबारात व्यवस्थित अभ्यास करून लिहिलं जात होतं. "ही हौस साहेबानं आणली" ही समजूत इथं मोडते. माशी बांधण्याची कला साहेबाची असेल, पाण्याकाठी बसून माशाची वाट बघण्याचं सुख मात्र इथलंच आणि जुनं आहे.

त्या प्रकरणात काय आहे? सुमारे पस्तीस प्रकारचे मासे आहेत. समुद्रातले वेगळे, गोड्या पाण्यातले वेगळे. खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे. मोठे, मध्यम, लहान असे आकार. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, कोणत्या माशाला काय खायला घालावं याचीही माहिती आहे. म्हणजे राजानं नुसतं काठी धरून बसायचं नव्हतं. मासा कुठं राहतो, काय खातो, हे आधी कळायला हवं होतं.

हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत १९२५ पासून छापला गेला. संपादक होते गजानन कृष्ण श्रीगोंदेकर, आणि श्रीगोंदा नगर जिल्ह्यात आहे हे तुम्हाला माहीत आहेच. १९५१ मध्ये सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञानं मत्स्यविनोदावर शोधनिबंध लिहिला आणि त्यातले मासे आजच्या कोणत्या जातींशी जुळतात याचा शोध घेतला. एका शास्त्रज्ञाला आठशे वर्षं जुन्या करमणुकीच्या प्रकरणावर गंभीर काम करावंसं वाटलं, यावरून त्यातल्या माहितीचा दर्जा लक्षात घ्या.

पण इथं माझ्या डोक्यात एक प्रश्न अडकला, गळाला मासा अडकतो तसा. राजाला हे सांगितलं कुणी?

कल्याणीच्या महालात बसून कुणाला कळणार की अमुक मासा तळाशी राहतो आणि तमुक वर येतो? याच मानसोल्लासात आणखी एक नोंद आहे. महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात, असं त्यात म्हटलंय. म्हणजे ग्रंथ संस्कृत असला तरी लिहिणाऱ्याचा कान उखळापर्यंत पोचलेला होता. तोच कान नदीकाठी भोयांच्या आणि कोळ्यांच्या वस्तीपर्यंतही गेला असणार, असा माझा तर्क आहे. माशांची नावं राजवाड्यात तयार होत नाहीत. ती तयार होतात जाळं ओढताना, आणि पहाटेच्या अंधारात नुसत्या हाताला काय लागलं ते ओळखताना.

वेरूळ बघणारा साहेब आणि मराठी मासे

आता सातशे वर्षं पुढं उडी मारू, पण भाग तोच ठेवू.

विल्यम हेन्री साइक्स नावाचा मुंबईच्या फौजेतला एक अधिकारी. आपल्या शहराशी त्याचा संबंध असा की वेरूळच्या लेण्यांवरचा त्याचा लेख १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारनं त्याला दख्खनची माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं. माणसं, पिकं, भाव, पाऊस, पक्षी, सगळं मोजायचं. मोजता मोजता तो नद्यांपर्यंत आला. मुळा-मुठा, भीमा अशा दख्खनच्या नद्यांतले मासे त्यानं जमवले, आणि १८३० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं त्यांचं वर्णन मांडलं.

शास्त्राच्या नियमानं नव्या माशाला लॅटिन वळणाचं नाव द्यावं लागतं. साइक्सनं काय केलं? कितीतरी माशांसाठी इथले लोक वापरत होते तेच शब्द त्यानं उचलले आणि जोडून दिले. म्हणून आजही जगातल्या कुठल्याही विद्यापीठात आपल्या शिंगटीचं शास्त्रीय नाव आहे मिस्टस सिंगटी. घोगऱ्याचं नाव रिटा गोगरा. दगडाला चिकटून राहणाऱ्या मळ्याचं नाव गारा मुल्या. कोळशी माशाचं हिप्सेलोबार्बस कोलस. आणि दख्खनच्या महशीरचं नाव टॉर खुद्री. टोकियोतला विद्यार्थी असो की ब्राझीलमधला, हे मासे अभ्यासायचे तर त्याला मराठी शब्द उच्चारावेच लागतात.

शास्त्रात नावापुढं ते देणाऱ्याचं नाव आणि साल लिहायची पद्धत आहे. तिथं लिहिलेलं असतं : साइक्स, १८३९. ज्या माणसानं टोपलीतला मासा उचलून "ही शिंगटी, साहेब" असं सांगितलं असेल, त्याचं नाव कुठंच नाही. मानसोल्लासात राजाचं नाव राहिलं, शास्त्रात साहेबाचं. शब्द मात्र दोन्हीकडे पाण्यात उतरणाऱ्याचे.

सुख आणि धोका

गळाच्या हौशीला हिंदुस्थानात खरं पुस्तक मिळालं १८७३ मध्ये. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याचं "द रॉड इन इंडिया". त्यात महशीरचं स्थान मोठं आहे. गळाला लागल्यावर जोर लावण्यात महशीर विलायतेच्या सामनलाही भारी पडतो, असं थॉमसचं मत होतं. या माशाच्या जबड्यात दात नसतात, पण घशात असतात, आणि तिथं तो काटासुद्धा चेपून टाकू शकतो. कीटक, फळं, शेवाळ, लहान मासे, जे मिळेल ते खातो. पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतो. त्याला खळाळतं स्वच्छ पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो.

सुख कशात आहे ते यावरून कळतं. मासा दिसत नाही, तरी तुम्हाला त्याच्यासारखा विचार करावा लागतो. ऊन कुठून येतंय, सावली कुठं पडतेय, पाणी कुठं वळतंय, कीटक कुठं उडतायत. फोन खिशात ठेवून दोन तास एकाच गोष्टीकडे बघायची सवय आपली गेलीय. गळ ती परत लावतो.

आणि धोका? पहिला धोका माशाला. इंग्रजांच्या काळातच नदीत सुरुंगाची दारू उडवून आणि विष कालवून मासे मारणं इतकं वाढलं की १८९७ मध्ये त्याविरुद्ध देशभरासाठी कायदा करावा लागला. तरी आजही हे प्रकार चोरून चालतात. दारू उडवली की मोठा मासा मरतो, पिल्लं मरतात, आणि पाण्यात कोण होतं हे सांगायलाही कुणी उरत नाही.

दुसरा धोका माणसाला. माशी फेकताना मागं न बघितल्यामुळं काटा स्वतःच्या कानात घुसणं हा जगभरातला जुना अपघात आहे. खरा धोका मात्र पाण्याचाच. आणि प्रत्येक पाण्याचा धोका वेगळा. डोंगरी ओढ्यात शेवाळलेला दगड, तर तलावात गाळ. वरून टणक दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत ओढतो. धरणाखाली अचानक सोडलेलं पाणी. धरणावर वारा.

आपल्या नाथसागराचंच घ्या. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. दहा किलोमीटर लांबीची भिंत आणि सत्तावीस दरवाजे. गोदावरी इथं नदी राहिली नाही, तिचा समुद्र झाला. १९८६ मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. याच पाण्यात मच्छीमार होड्या घेऊन आणि थर्माकोलच्या तराफ्यांवर बसून जाळी टाकतात. काठावरून शांत दिसणारं हे पाणी दुपारी वारा सुटला की लाटा काढतं.

या भागासाठी पैठणला गेलो तेव्हा जाळं नीट करत बसलेल्या एका मामांना विचारलं, "मामा, आज गळ टाकून बसलं तर काही लागेल का?" त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पाण्याकडे बघून म्हणाले, "वारं फिरायलंय भाऊ. आता बसून फायदा नाही, अन् पुढं तर जाऊच नका." वीस मिनिटांत काठावर लाटा आपटायला लागल्या. माझ्या फोनमधल्या हवामानाच्या अ‍ॅपवर तेव्हा नुसतं ऊन दिसत होतं.

सोमेश्वराच्या दरबारात जी माहिती पोचली, ती अशाच कुणाच्या तरी तोंडून पोचली असेल.

खुद्रीचा उलटा प्रवास

आता या इतिहासातलं सगळ्यात अवघड पान.

धरणं झाली आणि महशीरची वर चढायची वाट बंद झाली. वाळू उपसली गेली, पाणी घाण झालं, दारूनं मासे मारले गेले. विसाव्या शतकात महशीर झपाट्यानं कमी झाला. तेव्हा टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याला वळवण धरणाजवळ महशीरची पैदास सुरू केली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचं हे काम, आणि भारतात या माशासाठी झालेलं ते फार मोठं काम आहे. टॉर खुद्रीची पिल्लं वाढवून वेगवेगळ्या राज्यांत पाठवली गेली. खुद्री जगला.

यातली काही पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा महशीर होता, पाठीला उंचवटा असलेला आणि जगभरच्या गळवाल्यांचं स्वप्न असलेला. त्याचं अधिकृत शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हे पक्कं व्हायलाच २०१८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. धरणं, वाळूउपसा, दारू ही कारणं तिथंही आहेतच. त्याबरोबर बाहेरून आलेल्या महशीरनं त्याची जागा घेतली, हेही एक मोठं कारण अभ्यासक देतात.

म्हणजे मुळा-मुठेत साइक्सला भेटलेला, मराठी नावाचा आपला मासा परक्या नदीत जाऊन तिथल्या घरमालकालाच भारी पडला. सगळे महशीर सारखेच, असं समजल्याचा हा परिणाम. बाराव्या शतकातला ग्रंथ पस्तीस मासे वेगळे ओळखत होता. विसाव्या शतकात, एवढं शास्त्र हाताशी असताना, दोन महशीर वेगळे ओळखायला आपण उशीर केला.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले महशीर देवीचे मानले जातात. लोक त्यांना खायला घालतात, धरत कुणीच नाही. शेकडो महशीर तिथं निर्धास्त फिरतात. ना प्रयोगशाळा, ना निधी. एक डोह, एक श्रद्धा आणि गावानं पाळलेला नियम.

मग आपण काय करायचं?

तुम्हाला गळाची हौस असेल तर जरूर जोपासा. नियम साधे आहेत. अभयारण्यात आणि ठेक्याच्या पाण्यात परवानगी विचारा. धरणाखाली भोंगा वाजला की सामान सोडा आणि वर या. एकटे जाऊ नका. पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली मादी लागली तर ओल्या हातानं धरून हळूच परत सोडा. घरच्या टाकीतला मासा कंटाळा आला म्हणून हर्सूलला किंवा सलीम अली सरोवरात नेऊन सोडू नका. कावेरीची गोष्ट आत्ताच सांगितलीय.

आणि एक काम सगळ्यांसाठी, मासे खाणारे असा की न खाणारे. पुढच्या वेळी मासळी बाजारात किंवा नदीकाठी गेलात तर भोई काकांना, कोळी मावशींना एका लहान माशाचं नाव विचारा. रोहू, कटला, तिलापिया सोडून. आणि ते नाव त्यांच्याच आवाजात फोनमध्ये रेकॉर्ड करा. सांगणाऱ्याची हरकत नसेल तर त्यांचं नाव आणि गावही लिहून ठेवा.

कारण नदीतून मासा गेला की आधी त्याचं नाव जातं. दहा वर्षं ज्याला कुणी बघितलं नाही, त्याला हाक कोण मारणार? मग मळ्या आणि घोगरा हे शब्द फक्त लॅटिन यादीत उरतील, आणि आपल्याच भाषेतला शब्द आपण लंडनच्या जुन्या कागदात शोधत बसू. राजानं ऐकून लिहिलं, साहेबानं ऐकून लिहिलं, पण सांगणाऱ्याचं नाव दोघांनीही ठेवलं नाही. तुमच्या खिशात तर रेकॉर्डरच आहे.

तुमच्याकडच्या नदीतल्या माशांची नावं आम्हाला पाठवा, सांगणाऱ्याच्या नावासकट. पुढच्या भागात ती वाचून दाखवतो. तोवर काळजी घ्या, आणि पाण्याला पाठ दाखवून सेल्फी काढू नका. भेटूया!